बाळंतिणीचा डबा

मार्गशीर्षात यवतमाळकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरांत त्याआधीच ताटे उचलली जातात, ओटा पुसला जातो आणि स्वयंपाकघराचा दिवा मालवतो. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशीची वेळ होते, तेव्हा घड्याळात साडेसात वाजत आलेले असतात. मधले चौदा तास घर निजते. एकच खोली निजत नाही, ती बाळंतिणीची.

नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितें. त्यांतील तीनचार वेळा रात्रीच्या असतात. आई उठते, बाळाला छातीशी घेते, पाजते, पाठ थोपटते आणि निजवते. तोच पुन्हा हाक येते. पहाटे तीनला तिला जी भूक लागते ती साधी नसते. पोटात खड्डा पडल्यासारखे होते, हात थरथरतात. पण उशाशी पाण्याचा तांब्या असतो, खाण्याचे काही नसते. या भुकेबद्दल घरात कोणी विचारत नाही आणि ती स्वतः बोलत नाही.

एक घर कल्पनेत उभे करावे. ज्यांना ते ओळखीचे वाटेल त्यांनी ते आपलेच समजावे. दिग्रससारखे गाव, पुढे किराण्याचे दुकान, मागे घर. सुनेचे दुसरे बाळंतपण सासरीच झाले. लाड काही कमी नाहीत. सासूबाईंनी डिंक, खारीक, खोबरे, बदाम आणि साजूक तूप यांचे लाडू पाच किलो करून ठेवले आहेत. सकाळी दोन लाडू आणि गरम दूध समोर येते. लाडू मोठे, तुपाने जड. सून पहिला कसाबसा संपवते, दुसरा ताटलीतच राहतो. दुपारचे जेवण बाळाच्या रडण्यात अर्धे होते. संध्याकाळी पाचला भूक नसते, म्हणून ती दोन घास खाऊन उठते. पुढचे चौदा तास काही नाही.

सतराव्या दिवसापासून बाळ संध्याकाळी फार रडू लागते. सहापासून नऊपर्यंत दर अर्ध्या तासाला छातीला लागते आणि सोडले की पुन्हा रडते. घरातील सर्वांच्या तोंडी एकच वाक्य येते, ‘दूध पुरत नाही.’ दुकानातून दुधाच्या भुकटीचा डबा आणणे ही दहा पावलांची गोष्ट असते. फळीवर तो कायमच असतो.

आजेसासू मात्र म्हणतात, ‘आधी वजन करून आणा, मग डबा फोडा.’

बालरोगतज्ज्ञांकडे वजन होते. बाळ जन्माच्या वजनाच्या पुढे गेलेले असते. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होतो, म्हणजे पोटात दूध पुरेसे जाते. संध्याकाळी लागोपाठ पिणे हा या वयाच्या बाळांचा सामान्य स्वभाव आहे, असे डॉक्टर सांगतात. मग ते सुनेकडे वळून विचारतात, ‘आणि तुम्ही रात्री काय खाता?’ सासू आणि सून एकमेकींकडे पाहतात. एवढ्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारलेला नसतो.

बाळंतिणीच्या खुराकाचा सारा विषय या प्रश्नात सामावलेला आहे. समाजातील घरांत खुराकाची परंपरा समृद्ध आहे. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांत जाप्याचे गोंदाचे लाडू आणि सुंठ-अजवायन, गुजराती कुटुंबांत सुवावडीचा गुंदरपाक, मराठीभाषक जैन घरांत अळीव, मेथी आणि डिंक. या जिल्ह्याच्या सागवानी जंगलांत धावडा वाढतो आणि धावड्याचा डिंक महाराष्ट्रात लाडवांसाठी उत्तम मानला जातो. हे सर्व पदार्थ पौष्टिक आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु ते ‘दूध येण्यासाठी’ दिले जातात, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. खाणे दुधासाठी ठरले, की दूध पुरेसे वाटते तोवर आईच्या भुकेकडे लक्ष जात नाही. आणि दूध अपुरे वाटले, की दोष तिच्या न खाण्याला किंवा तिच्या शरीराला दिला जातो.

दूध कशाने येते, हे आता शास्त्राला नीट ठाऊक आहे. बाळ ओढते तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते वाहते. जेवढे दूध बाळ रिकामे करते तेवढे पुन्हा तयार होते. रात्री प्रोलॅक्टिनचे प्रमाण अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे महत्त्वाचे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर येथे उठावावर पुरवठा चालतो. मध्येच बाटली दिली, की बाळाची मागणी घटते, मागणी घटली की पुरवठा घटतो, आणि ‘दूध पुरत नाही’ हे जे आधी खोटे होते ते महिन्याभरात खरे होऊन बसते.

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत स्तनदा मातांसाठी खास बिस्किटांचा मोठा व्यापार उभा राहिला आहे. ओट्स, जवस आणि बीअर बनवताना उरणारे यीस्ट ही त्यांतील मुख्य द्रव्ये. ती खाल्ल्याने दूध वाढते, असा विक्रेत्यांचा दावा. २०२३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’ या नियतकालिकात या दाव्याची परीक्षा प्रसिद्ध झाली. १७६ मातांचे दोन गट केले होते. एका गटाने महिनाभर ही खास बिस्किटे खाल्ली, दुसऱ्या गटाने साधी. दोन्ही गटांतील दुधाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्याकडील मेथी आणि अळीव यांच्याविषयीही दूध हमखास वाढते असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. मेथी अधिक प्रमाणात घेतल्यास काहींना जुलाब होतात, रक्तातील साखर उतरू शकते, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊच नये.

मग बिस्किटे आणि लाडू करूच नयेत काय? अवश्य करावेत; फक्त ते कोणाच्या खात्यावर मांडायचे, हे नीट समजून घ्यावे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत मातेला रोजच्या आहाराव्यतिरिक्त सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, आणि पुढील सहा महिन्यांत सुमारे ५२०. दिवसाकाठी पाऊण लिटरच्या आसपास दूध तिच्या शरीरातून जाते. हा खर्च रोज नावे पडतोच, जमा होवो वा न होवो. जमा कमी पडली तरी बाळाचे देणे शरीर आधी चुकते करते. चरबी मोडली जाते, हाडांतील चुना काढला जातो, पण दूध जवळपास पूर्ववत उतरत राहते. तूट आईच्या नावे पडते. दूध चांगले आहे म्हणजे आईचेही ठीक आहे, असा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो. तिशीतच कंबर धरणे, केस गळणे, जिना चढताना धाप लागणे, या तक्रारींना कारणे अनेक असतात. त्यांपैकी काहींच्या मुळाशी ही न भरलेली तूट असते, आणि तिचा रोजमेळ कोणी लिहिलेला नसतो.

बिस्किटांचा उपयोग येथे आहे. लाडवाला दोन हात लागतात, तो चुरतो, आणि पहाटे तीनला तुपाचा जड लाडू घशाखाली उतरत नाही. बिस्किट एका हाताने खाता येते, दुसऱ्या हातावर बाळ असले तरी. ते लहान असते, म्हणून दोन की चार हे भुकेप्रमाणे ठरवता येते. डब्यात आठवडाभर टिकते. आणि खाणाऱ्याला कोणाला उठवावे लागत नाही, ही गोष्ट सुनेच्या दृष्टीने लहान नाही.

बिस्किट हा पदार्थ घरांना नवा नाही. नानखटाईचा उगम सुरतेच्या डच वखारीच्या काळातील बेकरीशी जोडला जातो, आणि तिच्यात अंडे नाही, यीस्टही नाही. महाराष्ट्रातील अनेक गावांत आजही दिवाळीच्या आधी घरचे रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर बेकरीत नेऊन बिस्किटे भाजून आणण्याची रीत आहे. जैन कुटुंबांची अडचण तेथे पत्र्यांची असते. त्याच पत्र्यावर अंड्याचा केक भाजला गेला असू शकतो. विकतच्या पाकिटावर हिरवा ठिपका असला म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. कायद्याच्या दृष्टीने यीस्ट आणि मध असलेला पदार्थ शाकाहारीच असतो व त्यावर हिरवाच ठिपका येतो. ठिपक्यावर न थांबता घटकांची बारीक अक्षरे वाचावीत. घरी केल्यास हे प्रश्न उरत नाहीत, आणि ओव्हन नसला तरी जाड बुडाची कढई पुरते.

चोवीस बिस्किटांचे प्रमाण असे. गव्हाचे पीठ १५० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ५० ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम. साजूक तूप १२० ग्रॅम, बारीक केलेला कोरडा गूळ १०० ग्रॅम. जवस, तीळ आणि सुक्या खोबऱ्याचा कीस प्रत्येकी २० ग्रॅम. अर्धा चमचा सुंठपूड, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ आणि अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर. ज्वारी आणि जवस हे दोन्ही वऱ्हाडच्या मातीतले; त्यांच्या असण्याने साता समुद्रापलीकडच्या ओट्सवाचून काही अडत नाही.

जवस आणि तीळ वेगवेगळे खमंग भाजून, गार झाल्यावर भरड दळावेत. तिन्ही पिठे मंद आंचेवर पाच मिनिटे कोरडीच परतावीत व गार होऊ द्यावीत. थिजलेले तूप आणि गूळ तळहाताने किंवा रवीने फिकट, हलके होईपर्यंत फेसावे. बिस्किट खुसखुशीत होणे या फेसण्यावर अवलंबून आहे, म्हणून येथे घाई करू नये. मग सर्व कोरडे जिन्नस मिसळून हलक्या हाताने गोळा करावा; मळू नये. फार कोरडे वाटल्यास चमचा-दोन चमचे दूध शिंपडावे. पंधरा मिनिटे झाकून ठेवून चोवीस गोळ्या कराव्यात आणि किंचित दाबून तूप लावलेल्या ताटलीत अंतर राखून मांडाव्यात.

कढईत मिठाचा बोटभर थर पसरून त्यावर कडी ठेवावी, झाकण घालून दहा मिनिटे तापवावी, मग ताटली आत ठेवून मंद आंचेवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. ओव्हन असल्यास १७० अंशांवर अठरा ते वीस मिनिटे पुरतात. बाहेर काढताना बिस्किटे मऊ लागतात, म्हणून कच्ची राहिली असे समजून पुन्हा भाजू नयेत. गार होताना ती आपोआप कडक होतात. पूर्ण निवाल्यावरच डबा बंद करावा. पिठाची मर्यादा पाळणाऱ्या घरांनी ताज्या दळणाची थोडीथोडी करावीत. डिंक घालायचा तर तुपात फुलवून, चुरून, एक मोठा चमचा पुरे.

असे एक बिस्किट साधारण शंभर कॅलरींचे होते. दिवसाला तीन खाल्ली तर लागणाऱ्या जादा आहाराचा निम्मा भाग भरतो. उरलेला निम्मा एका जादा भाकरीने, वाटीभर घट्ट वरणाने आणि पेलाभर दुधाने भरावा. सर्वच बिस्किटांनी भरू नये. त्यांत प्रथिने पुरेशी नाहीत, भाजीची जीवनसत्त्वे नाहीत. काही घरांत बाळंतिणीला पालेभाज्या आणि फळे वर्ज्य करतात, पाणीही मोजून देतात. या रूढींना आधार नाही आणि त्यांनी नुकसान होते. गरोदरपणात मधुमेह निघाला असेल तर गूळ-तुपाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि बिस्किट आईचे आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज घुटी, गुळाचे पाणी, साधे पाणी यांपैकी काहीही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता प्रश्न उरतो चौदा तासांचा. कल्पनेतल्या त्या घरात डॉक्टरांकडून परतल्यावर आजेसासूंनी सुनेला विचारले, ‘तू चौविहाराचे पच्चक्खाण घेतले आहेस का?’ सून म्हणाली, ‘नाही.’ तिने कोणताच नियम घेतलेला नव्हता. स्वयंपाकघर सहाला बंद होत होते, म्हणून ती उपाशी राहत होती. तिच्या भुकेला व्रताचे पुण्यही नव्हते आणि जेवणाचे समाधानही नव्हते.

नियम समजून, स्वेच्छेने घेणे ही एक गोष्ट आहे, आणि घराच्या दिनक्रमाने उपाशी ठेवणे ही दुसरी. तत्त्वार्थसूत्रात त्याग आणि तप यांची गणना शक्तीच्या अनुषंगाने केली आहे. शक्ती पाहून करायचे ते तप. जी स्त्री नुकतीच प्रसूत झाली आहे आणि आपल्या देहातून दुसरा जीव पोसते आहे, तिची शक्ती कोठे खर्च होत आहे हे सांगायला नको. नियम घेतलेला असेल तर पुढे काय करावे, हे तिने आणि कुटुंबाने गुरुमहाराजांना व डॉक्टरांना विचारून ठरवावे. नियम चालू ठेवायचा असेल तर दिवसाची मांडणी तरी बदलता येते. दुपारी चारला बिस्किटे आणि दूध, सूर्यास्तापूर्वी पोटभर जेवण आणि नवकारशी होताच गरम उपमा किंवा शिरा. बाळ रडत असेल तर ते दुसऱ्या कोणी घ्यावे आणि आईने जेवण पुरे करावे. नियम नसेल तर डबा उशाशी असावा. घराने तो तिथे ठेवणे, म्हणजे खाण्याची परवानगी तिला मागावी लागत नाही.

फळीवरच्या भुकटीच्या डब्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण अनेक वाचक दुकानाच्या गल्ल्यावर बसतात. स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था डिसेंबर १९९१ मध्ये शेजारच्या वर्ध्यात स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, संसदेने शिशुदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या व शिशुआहार यांचे नियमन करणारा कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या या वस्तूंची जाहिरात करता येत नाही. नमुने, भेटवस्तू वा अन्य प्रलोभने देता येत नाहीत. भंग झाल्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. विक्रीला बंदी नाही, आणि ती नसणे योग्यच आहे. ज्या बाळाची आई नाही, जिला असे औषध चालू आहे की पाजता येत नाही, किंवा वजन खरोखर वाढत नसल्याने डॉक्टरांनी सांगितले आहे, तेथे तो डबा लागतो आणि तो घेणाऱ्या आईने संकोच मानण्याचे कारण नाही. परंतु संध्याकाळच्या रडण्याला उत्तर म्हणून, वजन न करता, गिऱ्हाइकाच्या हाती तो देण्यापूर्वी ‘डॉक्टरांना दाखवले का?’ एवढे विचारणे दुकानदाराला जमण्यासारखे आहे. एक डबा कमी खपेल. व्यापारात याहून मोठी सूट रोज दिली जाते.

मात्र धोक्याच्या खुणाही घरातील सर्वांना ठाऊक असाव्यात. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत लंगोट सहापेक्षा कमी वेळा ओला होणे, दोन आठवड्यांनंतरही जन्माचे वजन न गाठणे, बाळ सुस्त पडणे आणि पिण्यासाठी न उठणे. यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपाय न करता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठावेत. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय आहे. आईची छाती लाल होऊन ताप येणे, किंवा ती सतत उदास राहणे, कारण नसता रडणे, हेही तितकेच गंभीर मानावे.

राज्य शासनाने २०१५ मध्ये आदिवासी भागातील गरोदर स्त्रिया आणि सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या माता यांच्यासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. अंगणवाडीतून दिवसातून एक पूर्ण, गरम जेवण मिळावे असा तिचा उद्देश आहे, आणि त्या ताटात शेंगदाण्याचा लाडूही आहे. पाजणाऱ्या आईला दिवसाकाठी एक पूर्ण जेवण अधिक हवे, हे तत्त्व शासनाने रानातल्या पाड्यांसाठी स्वीकारले. ज्या घरांत धान्याची पोती थप्पीने लागलेली असतात, तेथे ते स्वीकारायला खर्च काहीच नाही. लक्ष मात्र द्यावे लागते. आणि बाळाला मालीश करायला येणारी, धुणे-भांडी करणारी बाई पुष्कळदा स्वतःच तान्ह्या बाळाची आई असते. चोवीस बिस्किटांतील सहा तिच्या पदरात पडली, तर घरच्या डब्याला काही उणे पडत नाही.

त्या कल्पनेतल्या घरात पुढे काय झाले असेल? भुकटीचा डबा फळीवरच राहिला. सासूबाईंनी मोठे लाडू मोडून लिंबाएवढे वळले. आजेसासू रविवारी कढई चढवू लागल्या, आणि फेसण्याचे काम सुनेच्या नवऱ्याकडे आले, कारण वृद्ध मनगटांना ते झेपत नाही. पहिल्या घाण्याला खालून करपलेले निघाले. दुसरा चांगला उतरला. संध्याकाळी बाळ रडायचे ते रडलेच. यथावकाश ते आपसूक थांबते, तोपर्यंत त्याला कोणी ना कोणी अंगणात फिरवू लागले आणि सून स्वस्थपणे जेवू लागली.

दूध वाढले का? ते आधीही पुरेसेच होते. सुनेचे चक्कर येणे थांबले. सव्वा महिन्यानंतर ती न्हाऊन बाहेर आली तेव्हा आजेसासूंनी तिच्या उशाशी असलेला डबा उघडून पाहिला, तळाशी दोनच बिस्किटे होती, आणि त्या काही न बोलता गव्हाचे पीठ चाळायला बसल्या.